मेमरी कार्डाच्या कंट्रोलरसाठी ड्रायव्हर इंटरफेस कसा आखावा

प्रोसेसर आणि मेमरी कार्ड यांच्यामध्ये बसलेल्या होस्ट कंट्रोलरचे जग फार लहान असते. क्लॉकची एक तार, कमांडची एक तार आणि डेटाच्या एक, चार किंवा आठ तारा, एवढाच त्याचा पसारा. समोर सॅनडिस्क आणि सीमेन्स यांनी १९९७ मध्ये आणलेल्या मल्टिमीडिया कार्डाचा वंशज आहे, सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या एसडी घराण्यातले कार्ड आहे, की बोर्डावरच सोल्डर केलेली ईएमएमसी चिप आहे, याची त्याला गंधवार्ता नसते आणि असण्याची गरजही नसते. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये या कंट्रोलरसाठी ड्रायव्हर इंटरफेस आखताना नेमके हेच अज्ञान जपायचे असते. कंट्रोलरच्या ड्रायव्हरला कार्डाविषयी जितके कमी कळेल तितका इंटरफेस टिकाऊ होतो; त्याला थोडे जरी जास्त कळू लागले, तरी नव्या प्रकारचे कार्ड बाजारात आल्यावर सगळेच ड्रायव्हर पुन्हा उघडावे लागतात.

पुढील विवेचन स्वतःचे लहान कर्नल लिहिणाऱ्यांसाठी, किंवा एम्बेडेड सिस्टीममध्ये दुसरा कंट्रोलर जोडताना पहिल्या ड्रायव्हरची वीण उसवावी लागत असलेल्यांसाठी आहे. उदाहरणे लिनक्स आणि ओपनबीएसडी यांतली आहेत, कारण दोन्हींचा कोड उघडा आहे आणि दोघांनी एकाच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत.

रेषा कुठे आखायची

काम तीन थरांत विभागावे. सर्वांत वर ब्लॉक डिव्हाइसचा थर असतो. त्याला फक्त सेक्टर आणि बफर समजतात. मध्ये कार्डाचा गाभा, म्हणजे कोअर असतो. कार्ड ओळखणे, त्याला पत्ता देणे, त्याची क्षमता वाचणे, वेग ठरवणे आणि बिघाड झाल्यास पुन्हा प्रयत्न करणे हे सारे त्याच्याकडे असते. सर्वांत खाली होस्ट ड्रायव्हर असतो. त्याला रजिस्टर, इंटरप्ट आणि डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत डेटा हलवण्याची सोय) यांपलीकडे काही माहीत नसते. हे तीन थर बहुतेकांना मान्य असतात. वाद असतो तो मधल्या आणि खालच्या थरांतल्या सीमेवर, आणि आपल्याला आखायचा आहे तो इंटरफेस हीच सीमा आहे.

या सीमेसाठी एक साधी कसोटी लावावी: कमांडचा क्रमांक पाहून होस्ट ड्रायव्हरने काहीही ठरवता कामा नये. सुरुवातीला हा सोवळेपणा वाटतो, कारण ‘कमांड ८ आली की उत्तर ४८ बिटांचे’ अशी एक तक्ती ड्रायव्हरमध्येच ठेवली तर कोड सुटसुटीत दिसतो. पण एसडी कार्डासाठी कमांड ८ म्हणजे व्होल्टेजची विचारपूस असते आणि तिला डेटा नसतो, तर मल्टिमीडिया कार्डासाठी त्याच कमांड ८ ला डेटाच्या तारांवरून ५१२ बाइटांचा विस्तारित सीएसडी, म्हणजे कार्डाच्या गुणधर्मांची नोंद, येतो. कमांड ६ ची गत याहून बिकट आहे. मल्टिमीडिया कार्डात तिच्यानंतर कार्ड काही काळ ‘बिझी’ राहते आणि डेटा येत नाही. एसडी कार्डात ती ६४ बाइटांचा डेटा पाठवते. आणि एसडीमध्येच ती कमांड ५५ च्या पाठोपाठ आली तर तिचा अर्थ ‘बसची रुंदी बदल’ असा होतो. एकाच क्रमांकाचे तीन अर्थ असताना क्रमांकावर विसंबणारा ड्रायव्हर आज ना उद्या फसतोच.

म्हणून कोअरने प्रत्येक कमांडसोबत तिचे तारांवरचे रूप सांगावे: उत्तर अपेक्षित आहे का, असल्यास ४८ बिटांचे की १३६ बिटांचे, उत्तरातला सीआरसी (चूक पकडणारे तपासणीचे बिट) तपासायचा का, उत्तरात कमांडचा क्रमांक परत येतो का, आणि येत असल्यास तो पडताळायचा का, उत्तरानंतर कार्ड डेटाची शून्य क्रमांकाची तार खाली ओढून बिझी राहणार आहे का. या पाच ध्वजांत (फ्लॅग) एसडीची सर्व प्रकारची उत्तरे बसतात. उदाहरणार्थ, कार्डाचे व्होल्टेज सांगणारे आर३ उत्तर ४८ बिटांचे असते, पण त्यात ना खरा सीआरसी असतो ना क्रमांक. तिथे दोन्ही तपासण्या बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा धडधाकट कार्ड पहिल्याच पायरीवर नापास होते. एसडी असोसिएशनच्या प्रमाणित होस्ट कंट्रोलरचे, म्हणजे एसडीएचसीआयचे, कमांड रजिस्टर पाहिले तर त्यातही जवळजवळ हेच बिट सापडतात. तो योगायोग नव्हे. हार्डवेअर बनवणाऱ्यांनीही रेषा तिथेच आखली आहे.

अपवाद आहेत. एसडीएचसीआयला चालू वाचन तोडणारी कमांड १२ देताना ‘ही तोडणारी कमांड आहे’ असे वेगळ्या बिटांत सांगावे लागते, आणि लिनक्समधील काही एसडीएचसीआय ड्रायव्हर त्यासाठी कमांडचा क्रमांक तपासतात. माझे मत असे, की नव्याने आखताना याचाही एक ध्वज करावा आणि तो कोअरने लावावा. एक बिट खर्ची पडतो, पण कसोटी अभंग राहते.

विनंती ही एकसंध वस्तू

दुसरा निर्णय म्हणजे कोअरने होस्टकडे नेमके काय सोपवायचे. सुटी कमांड सोपवावी आणि उत्तर आले की पुढची सोपवावी, हा मोह टाळावा. अनेक ब्लॉक वाचायचे तर कमांड १८ द्यावी लागते आणि शेवटी कमांड १२ देऊन कार्डाला थांबवावे लागते. किंवा आधी कमांड २३ देऊन ब्लॉकची संख्या कळवता येते, म्हणजे कार्ड आपणहून थांबते. बरेच कंट्रोलर या पुढच्या-मागच्या कमांड स्वतःच पाठवू शकतात. कोअर त्या सुट्या पाठवत राहिला तर ही सोय वाया जाते आणि प्रत्येक वाचनामागे एक-दोन इंटरप्ट फुकट वाढतात. म्हणून विनंतीचे रूप साधारण असे ठेवावे:

विनंती {
  आधीची कमांड, असल्यास
  मुख्य कमांड
  डेटा, असल्यास
  थांबवणारी कमांड, असल्यास
  काम संपल्यावर हाक मारण्याचे फंक्शन
}

लिनक्समधील विनंतीची रचना जवळपास अशीच आहे. होस्टने ही विनंती स्वीकारून लगेच परतावे आणि काम संपल्यावर दिलेल्या फंक्शनला हाक मारावी. लहान सिस्टीममध्ये काम संपेपर्यंत थांबणारे फंक्शन पुरेसे वाटते, पण थांबणारे फंक्शन न-थांबणाऱ्यावर बेतणे सोपे असते आणि उलटे करणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे मूळ इंटरफेस न-थांबणाराच असावा. ओपनबीएसडीच्या कंट्रोलर-इंटरफेसमध्ये कमांड चालवणारे फंक्शन थांबणारे आहे आणि त्यामुळे तिथले होस्ट ड्रायव्हर वाचायला खरोखर सोपे आहेत, हे मान्य करायला हवे. मात्र एक विनंती चालू असताना पुढच्या विनंतीची डीएमए-तयारी उरकून घेण्याची संधी त्या मांडणीत हुकते.

विनंतीच्या प्रत्येक भागाला स्वतःचा त्रुटी-संकेत असावा. मुख्य कमांड बिनचूक गेली, डेटात सीआरसी चुकला आणि थांबवणारी कमांड व्यवस्थित पोचली, ही अगदी रोजची परिस्थिती आहे; ती एकाच आकड्यात कोंबली तर सावरण्याचा मार्ग निवडायला कोअरकडे काहीच उरत नाही. डेटात त्रुटी आल्यावर थांबवणारी कमांड कोणी पाठवायची हेही दस्तऐवजात लिहून ठेवावे. ती कोणीच पाठवली नाही तर कार्ड डेटा पाठवण्याच्याच अवस्थेत अडकते आणि पुढच्या निरुपद्रवी कमांडला ‘बेकायदा’ म्हणून नाकारते, मग दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. माझ्या मते हे काम होस्टचे आहे, कारण विनंतीत थांबवणारी कमांड त्याच्या हाती आधीच दिलेली असते.

किती बाइट खरोखर पोचले, हा आकडाही होस्टने परत द्यायचा असतो, आणि इथे प्रामाणिक राहणे अवघड जाते. एसडीएचसीआयमध्ये उरलेल्या ब्लॉकची संख्या दाखवणारे रजिस्टर आहे, पण ते डेटाच्या प्रवासात नेमके कोणत्या क्षणी बदलते हे प्रमाणकात सांगितलेले नाही. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर त्रुटी आली की काहीच पोचले नाही असे धरून शून्य कळवतो. तोच मार्ग योग्य आहे. पोचलेले पुन्हा लिहिण्यात थोडा वेळ जातो. न पोचलेले पोचले असे सांगण्यात फाइल जाते. नेमका आकडा हवाच असेल तर कोअर कार्डालाच विचारू शकतो, कारण बिनचूक लिहिलेल्या ब्लॉकची संख्या सांगणारी स्वतंत्र कमांड एसडीमध्ये आहे.

उत्तराचे बिट कुठे ठेवायचे

ही बाब एका परिच्छेदाची असली तरी तिच्यात गेलेले दोन दिवस मला आजही आठवतात. १३६ बिटांच्या उत्तरात कार्डाची सीएसडी किंवा ओळख सांगणारी सीआयडी ही १२८ बिटांची नोंद असते आणि तिच्या शेवटच्या आठ बिटांत सीआरसी असतो. एसडीएचसीआय कंट्रोलर तो सीआरसी स्वतः तपासून टाकून देतो आणि उरलेले १२० बिट आठ घरे खाली सरकवून रजिस्टरमध्ये ठेवतो. दुसऱ्या जातीचे कंट्रोलर ही नोंद जशीच्या तशी देतात. मी लिहिलेल्या पहिल्या ड्रायव्हरने ते बिट तसेच वर पाठवले होते. सीएसडीची आवृत्ती तिच्या सर्वांत वरच्या दोन बिटांत असते. तिथे शून्य दिसल्यामुळे कोअरला १६ जीबीचे एसडीएचसी (जास्त क्षमतेचे) कार्ड जुन्या पद्धतीचे वाटले, त्याने जुने सूत्र लावले आणि निघालेली क्षमता कोणत्याही अर्थाने कार्डाशी जुळेना. मी कोअरमधले सूत्र तपासत बसलो, आणि ते बरोबरच होते. इंटरफेसच्या दस्तऐवजात एक वाक्य हवे होते: उत्तर चार ३२-बिटी शब्दांत द्यावे, पहिल्या शब्दात सर्वांत वरचे बिट असावेत आणि नोंदीचा १२७ क्रमांकाचा बिट पहिल्या शब्दाच्या ३१ क्रमांकाच्या बिटात पडावा. सरकवणे हे होस्टचे काम.

तारांची स्थिती

क्लॉकचा वेग, कार्डाचा वीजपुरवठा, सिग्नलचे व्होल्टेज, बसची रुंदी आणि वेगाची पद्धत या पाच गोष्टी मिळून तारांची स्थिती ठरते. लिनक्समध्ये ही सगळी स्थिती एका रचनेत भरून एकाच फंक्शनला दिली जाते; आधीच्या स्थितीत काय बदलले हे होस्टने स्वतः शोधायचे असते. ओपनबीएसडीमध्ये वीज, क्लॉक आणि रुंदी यांची फंक्शने वेगवेगळी आहेत. पहिल्या पद्धतीत पुढे नवे क्षेत्र वाढवणे सोपे जाते, पण लिनक्सच्या त्या फंक्शनला त्रुटी परत देण्याची सोयच नाही, आणि हा दोष मला मोठा वाटतो. क्लॉक स्थिर झाला नाही किंवा रेग्युलेटरने व्होल्टेज दिले नाही, तर ते होस्टने मुकाट गिळायचे आणि कोअरने पुढच्या कमांडच्या अपयशातून ताडायचे, असा व्यवहार होतो. नव्याने आखणाऱ्याने स्थिती एकत्र द्यावी, पण निकाल परत घ्यावा.

क्लॉकच्या बाबतीत एक नियम शब्दशः लिहून ठेवावा: होस्टने मागितलेल्या वेगापेक्षा जास्त वेग कधीही देऊ नये, कमी चालेल, आणि प्रत्यक्षात मिळालेला वेग परत कळवावा. ओळख पटेपर्यंत कार्डाला ४०० किलोहर्ट्झपेक्षा वेगवान क्लॉक चालत नाही. कंट्रोलरचा मूळ क्लॉक ५० मेगाहर्ट्झ असेल तर गणिताने १२५ चा भाजक हवा, पण एसडीएचसीआयच्या जुन्या आवृत्त्यांत भाजक दोनच्या घातांतच मिळतो, म्हणून १२८ घ्यावा लागतो आणि वेग ३९०.६२५ किलोहर्ट्झ पडतो. तिसऱ्या आवृत्तीत कोणताही सम भाजक चालतो; तिथे १२६ घेऊन सुमारे ३९६.८ किलोहर्ट्झ मिळतात. मुदती क्लॉकच्या आवर्तनांत मोजायच्या असतील, तर त्या या प्रत्यक्ष वेगावर मोजाव्या लागतात.

मर्यादा आधीच सांगाव्यात

होस्टने नोंदणीच्या वेळीच आपल्या मर्यादा जाहीर कराव्यात: एका विनंतीत जास्तीत जास्त किती ब्लॉक, डीएमएचे किती तुकडे, एक तुकडा किती मोठा, बफरची सुरुवात किती बाइटांच्या सीमेवर हवी. वरच्या थराने विनंत्या त्या मापाने कापूनच पाठवाव्यात, म्हणजे ‘एवढे मोठे झेपत नाही’ ही त्रुटी उद्भवतच नाही. एसडीएचसीआयमधील ब्लॉक-संख्येचे रजिस्टर मुळात १६ बिटांचे आहे, त्यामुळे मर्यादा ६५,५३५ ब्लॉकची पडते. एडीएमए२ या डीएमए पद्धतीत एका वर्णनकाची (डीएमएच्या एका तुकड्याचे वर्णन करणाऱ्या नोंदीची) लांबीही १६ बिटांत लिहितात, आणि तिथे शून्य लिहिले तर त्याचा अर्थ ६५,५३६ बाइट असा होतो. काही कंट्रोलर हा अर्थ पाळत नाहीत, तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरने तुकड्याची मर्यादा खाली आणावी. ही गोष्ट कोअरला कळण्याचे कारण नाही.

क्षमतांचे रजिस्टर मात्र अंतिम शब्द मानू नये. कंट्रोलर आठ तारांची क्षमता सांगतो आणि बोर्डावर चारच ओढलेल्या असतात, तो १.८ व्होल्टची क्षमता सांगतो आणि रेग्युलेटर ३.३ वरच बांधलेला असतो. म्हणून चिप काय करू शकते, बोर्ड काय करू देतो आणि कार्ड काय मागते, या तिन्हींचा छेद कोअरने काढावा, आणि बोर्डाची माहिती ड्रायव्हरबाहेरून, डिव्हाइस ट्रीसारख्या वर्णनातून यावी. कार्डाच्या कडेची ‘लिहू नये’ ही सरकपट्टीही याच माहितीत मोडते: ती निव्वळ यांत्रिक खूण आहे, कार्डाला तिचा पत्ता नसतो, सॉकेटमधले बटण काय ते सांगते, आणि मायक्रो-एसडीच्या सॉकेटमध्ये ते बटणच नसते.

मुदती आणि त्रुटी

सगळ्याच त्रुटी वाईट नसतात. कार्ड ओळखताना कमांड ८ ला उत्तर आले नाही तर कार्ड जुन्या पिढीचे आहे एवढाच अर्थ होतो, आणि कमांड ५ ला उत्तर आले नाही तर ते एसडीआयओ, म्हणजे एसडी बसवर बसणारे पण साठवणुकीखेरीज दुसरे काम करणारे उपकरण नाही, एवढाच. तेव्हा ‘उत्तर आले नाही’ आणि ‘उत्तर आले पण सीआरसी चुकला’ यांचे संकेत वेगळे असावेत, होस्टने ते निमूटपणे वर द्यावेत, आणि लॉगमध्ये ओळी छापून वापरणाऱ्याला घाबरवू नये. पुन्हा प्रयत्नही होस्टने करू नयेत. कोणती कमांड पुन्हा दिली तर चालते, हे फक्त कोअरला माहीत असते.

होस्टचे कर्तव्य इतकेच, की त्रुटीनंतर स्वतःची कमांड व डेटाची यंत्रणा रीसेट करून पुढची विनंती घेण्याजोगी करावी आणि मगच ‘काम संपले’ अशी हाक मारावी. हा क्रम उलटला तर कोअरची पुढची विनंती अर्धवट रीसेट झालेल्या कंट्रोलरवर जाऊन आदळते.

मुदत कोअरने नॅनोसेकंदांत किंवा मिलिसेकंदांत द्यावी आणि होस्टने ती आपल्या काउंटरच्या भाषेत उतरवावी. एसडीएचसीसाठी वाचनाची मुदत १०० आणि लेखनाची २५० मिलिसेकंद धरतात. त्याहून मोठ्या क्षमतेच्या एसडीएक्ससीच्या लेखनासाठी ५०० धरतात. एसडीएचसीआयचा काउंटर मुदतीच्या क्लॉकची जास्तीत जास्त २ चा २७ वा घात इतकी आवर्तने मोजतो. तो क्लॉक ५० मेगाहर्ट्झ असेल तर ही मुदत सुमारे २.७ सेकंद भरते. ईएमएमसीमधला मोठा भाग पुसायला याहून अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे हार्डवेअरच्या काउंटरशिवाय एक सॉफ्टवेअरचा टायमर हवाच. आणखी एक कारण असे, की इंटरप्ट कधी आलाच नाही तर तो आला नाही हे सांगणारे दुसरे कोणीच नसते.

दोघांनी मिळून करायची कामे

वरची रेषा दोन ठिकाणी ताणली जाते, आणि ती दोन्ही एसडीच्या यूएचएस-१ या जलद वेगांशी निगडित आहेत. पहिले सिग्नलचे व्होल्टेज बदलणे. कोअर कमांड ११ देतो. कार्ड उत्तर देऊन कमांडची आणि डेटाच्या चारही तारा खाली ओढते. होस्ट क्लॉक थांबवतो, १.८ व्होल्टवर जातो, किमान ५ मिलिसेकंद थांबतो आणि क्लॉक पुन्हा सुरू करतो. मग एका मिलिसेकंदात कार्डाने डेटाच्या तारा वर सोडल्या पाहिजेत. यासाठी होस्टकडून दोन लहान फंक्शने मागावीत: ‘सिग्नलचे व्होल्टेज बदल’ आणि ‘तारा खाली आहेत का ते सांग’. क्रम आणि प्रतीक्षा कोअरने सांभाळावी. सगळा क्रम होस्टकडे दिला तर प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तो थोडा थोडा वेगळा चुकतो.

हे फसले तर परतीची वाट एकच, कार्डाची वीज तोडून पुन्हा देणे. आम्ही एकदा वापरलेल्या एका बोर्डावर कार्डाची वीज सॉफ्टवेअरने तोडण्याची सोयच नव्हती. सिस्टीम रीबूट झाली की कार्ड १.८ व्होल्टवरच अडून बसे, बूटलोडर ३.३ व्होल्टवरून हाका मारत राही आणि प्लग काढून लावेपर्यंत यंत्र उठत नसे. तेव्हापासून मी होस्टच्या जाहीरनाम्यात ‘वीज पूर्ण तोडता येते’ हा ध्वज ठेवतो, आणि तो नसेल तर कोअर १.८ व्होल्टच्या वाटेला जात नाही.

दुसरे काम ट्यूनिंगचे. एसडीआर१०४ पद्धतीत क्लॉक २०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि डेटा नेमका कोणत्या क्षणी टिपायचा हे कंट्रोलरला प्रयोगाने ठरवावे लागते. चार तारांवर ६४ बाइटांचा ठरलेला नमुना पुन्हा पुन्हा मागून तो हे ठरवतो. एसडीएचसीआयमध्ये असे ४० पर्यंत प्रयत्न होतात. हा प्रकार प्रत्येक चिपमध्ये इतका निराळा असतो, की इथे ‘ट्यूनिंग कर’ असे एकच फंक्शन ठेवून आत होस्टला मोकळीक द्यावी. तापमान बदलले की ते पुन्हा करावे लागते; मात्र त्याची वेळ कोअरने निवडावी आणि ती दोन विनंत्यांच्या मध्येच असावी.

बस कोणाची, हाही प्रश्न इथेच येतो. कमांड ५५ आणि तिच्या पाठोपाठची कमांड यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाची विनंती शिरली तर दोघांचेही नुकसान होते, म्हणून होस्टचा ताबा घेण्याचे कुलूप कोअरमध्ये असावे आणि ड्रायव्हरला एका वेळी एकच विनंती दिसावी.

विक्षिप्त चिपा

प्रमाणक असूनही चिपा प्रमाणाबाहेर वागतात. पहिल्या रास्पबेरी पायच्या बीसीएम२८३५ मधील कंट्रोलर एसडीएचसीआयच्या वळणाचा आहे, पण त्याची रजिस्टरे फक्त ३२ बिटांनीच लिहिता येतात. प्रमाणकानुसार ट्रान्सफर मोड आणि कमांड ही दोन १६-बिटी रजिस्टरे एकाच ३२-बिटी शब्दात शेजारी बसतात, आणि कमांडचा अर्धा भाग लिहिला गेला की कमांड सुटते. आता नुसता ट्रान्सफर मोड लिहायचा तर सगळा शब्द वाचून, बदलून परत लिहावा लागतो, आणि त्या लिहिण्यात मागची कमांड पुन्हा सुटते. लिनक्समधला उपाय असा, की ट्रान्सफर मोडची किंमत मेमरीत जपून ठेवायची आणि कमांड लिहिण्याची वेळ आली की दोन्ही एकदमच लिहायच्या.

अशा चिपेसाठी सामायिक ड्रायव्हरात ‘विक्षिप्तपणाचा बिट’ ठेवून जागोजागी अटी घालता येतात. लिनक्सच्या एसडीएचसीआय ड्रायव्हरने तसेच केले. ३२ बिटांचा एक शब्द पुरला नाही म्हणून दुसरा घ्यावा लागला, आणि त्या अटींच्या जंगलात एखादा बिट दुसऱ्याबरोबर लागला तर काय होईल हे छातीठोकपणे सांगणे कठीण झाले. म्हणून सामायिक कोड हा वरून हुकूम सोडणारा थर न करता फंक्शनांची पेटी म्हणून लिहावा. रजिस्टर वाचणे-लिहिणे, क्लॉक लावणे, रीसेट करणे अशी प्रत्येक पायरी स्वतंत्र फंक्शन असावी. सरळ चिपेचा ड्रायव्हर सगळी तयार फंक्शने घेईल आणि विक्षिप्त चिपेचा ड्रायव्हर दोन-तीन स्वतःची घालेल. बीसीएम२८३५ साठी फक्त लिहिण्याचे फंक्शन बदलले की काम भागते आणि विक्षिप्तपणा त्या चिपेच्या फाइलमध्येच कोंडला जातो.

एसपीआय या साध्या सीरियल बसवरून कार्ड चालवायचे असेल तर सांभाळून राहावे. तिथे उत्तरांची रूपेच वेगळी असतात, त्यामुळे लिनक्सच्या कोअरला जागोजागी ‘हा होस्ट एसपीआय आहे का’ असे विचारावे लागते. तुमच्या बोर्डांवर त्याची गरज नसेल तर पहिल्या आवृत्तीत ते घेऊच नये.

कार्ड उपटले तर

सॉकेटमधले बटण कार्ड घालताना अनेकदा उघडझाप करते, म्हणून त्याचा इंटरप्ट आल्यावर लगेच शोध सुरू न करता साधारण २०० मिलिसेकंद थांबावे. थांबण्याचे काम कोअरचे. होस्टने फक्त ‘काहीतरी बदलले’ एवढे कळवावे. चालू विनंतीच्या मध्येच कार्ड निघाले तर एक अट कठोरपणे पाळावी: प्रत्येक विनंतीचे शेवटचे फंक्शन एकदाच आणि नक्की बोलावले जावे. इंटरप्ट, सॉफ्टवेअरचा टायमर आणि कार्ड निघाल्याची सूचना हे तिघेही एकाच क्षणी तीच विनंती संपवायला धावतात, तेव्हा कुलपाखाली जो पहिला विनंतीचा पॉइंटर रिकामा करील त्यानेच हाक मारावी, आणि बाकीच्यांनी रिकामा पॉइंटर पाहून परतावे.

तपासणी

एका कंट्रोलरवर चाललेला इंटरफेस तपासलेला मानू नये. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये पीसीआयवरचा एसडीएचसीआय कंट्रोलर मिळतो आणि एआरएमच्या जुन्या बोर्डांसोबत पीएल१८१ हा अगदी वेगळ्या घडणीचा कंट्रोलरही मिळतो. दोन्हींचे ड्रायव्हर कोअरची एकही ओळ न बदलता चालले पाहिजेत. एम्युलेटरला क्लॉकच्या वेगाचे सोयरसुतक नसते, त्यामुळे भाजकाची चूक तिथे लपून राहते. ती पाहायला खऱ्या बोर्डावर लॉजिक ॲनालायझर लावावा. तिसरा होस्ट पूर्ण सॉफ्टवेअरचा लिहावा, जो दर काही विनंत्यांमागे मुद्दाम सीआरसीची त्रुटी देईल, मध्येच गप्प बसेल किंवा कार्ड निघाल्याचे कळवील. लिनक्समध्ये अशा कृत्रिम त्रुटी घालण्याची सोय कोअरमध्येच आहे. हे सगळे उरकल्यावर एक जुने, हरवले तरी चालेल असे कार्ड घ्यावे, त्यावर मोठी फाइल लिहायला लावावी आणि लेखन चालू असताना ते हाताने उपटावे, मग पुन्हा घालावे, असे पन्नास वेळा करावे; मला सापडलेली शेवटची चूक सदतिसाव्या वेळी सापडली होती.